विश्लेषण : न दिसणारा आजार अंगावर लिहून फिरायचे का?

विमानतळावरचे कर्मचारी आता सूर्यफुलांची दोरी ओळखू लागले आहेत. एसटीच्या थांब्यावर मात्र शुगर कमी झालेला माणूस अजूनही दारूडा ठरतो. आजार सांगणारी पट्टी, बिल्ला किंवा कडे त्याच्या कामाचे आहे का? आणि ते वाचणार कोण?

नांदेडहून हिंगोलीकडे किंवा यवतमाळकडे निघालेल्या माणसाला वारंगा फाटा चुकत नाही. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर अकोला-नांदेड आणि तुळजापूर-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. एसटी थांबते, ट्रॅव्हल्स थांबतात, मालाचे ट्रक थांबतात. प्रवासी उतरतात, इथली नावाजलेली खिचडी खातात आणि पुढच्या गाडीची वाट बघतात. गावात माणूस पडला तर 'अरे, हा अमक्याचा मुलगा, याला फिट येते' असे सांगणारा कुणीतरी असतो. फाट्यावर तसे कुणी नसते.

समजा, एक तरुण बसमधून उतरतो. झोक जातो आहे, अंग घामाने डबडबले आहे, जीभ जड झाली आहे. बघणाऱ्यांचा पहिला अंदाज ठरलेला असतो : 'दुपारीच लावून आलाय.' लोक बाजूला सरकतात. प्रत्यक्षात त्याने सकाळी इन्सुलिन घेतले, गाडी उशिरा आली, जेवण राहिले आणि रक्तातली साखर खाली गेली, असेही असू शकते. त्या क्षणी त्याला तीन चमचे साखर हवी असते. समोरच्या टपरीवर चहाच्या पातेल्याशेजारी ती डबाभर असते. तो दारू प्यायलेला नाही, एवढीच माहिती तिथे नसते.

ही माहिती अंगावर बाळगता यावी म्हणून जगभर गेली सत्तर वर्षे काही वस्तू घडवल्या जात आहेत. त्यांचा इतिहास, महाराष्ट्रातले प्रयोग आणि फसलेले प्रकार पाहिले, तर खरी अडचण पट्टीच्या बनावटीत कमी आणि ती वाचणाऱ्या माणसाच्या तयारीत जास्त असल्याचे दिसते.

न दिसणारे आजार म्हणजे नेमके कोणते?

मधुमेह (विशेषतः इन्सुलिनवरचा), अपस्मार म्हणजे फिट येणे, हिमोफिलिया, सिकलसेल, थॅलेसेमिया, हृदयाची झडप बदललेले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण, पेसमेकर बसवलेले, डायलिसिसवर असलेले, औषधांची तीव्र ॲलर्जी असलेले, शिवाय स्वमग्नता आणि मानसिक आजार. यादी लांब आहे. यांपैकी बहुतेकांच्या हातात काठी नसते की पायाला प्लास्टर नसते.

कायद्याने यांतल्या काहींची दखल घेतली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले. त्यात सिकलसेल, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, मानसिक आजार असे डोळ्यांना न दिसणारे प्रकार आले. टाइप-१ मधुमेह या यादीत नाही. यादीत असलेल्यांना वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळते. त्यावरचा पट्टा पांढरा, पिवळा किंवा निळा असतो. ४० टक्क्यांहून कमी, ४० ते ८० च्या दरम्यान आणि ८० च्या वर, अशी ती वर्गवारी.

या कार्डाने सवलत मिळते. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास आहे. पण कार्ड पाकिटात असते, पाकीट खिशात असते आणि खिसा बेशुद्ध माणसाचा असतो. अनोळखी माणसाच्या खिशात हात घालायला फाट्यावर कुणी धजत नाही. घातलाच तर चोरीचा आळ येण्याची भीती. सवलत मागण्यासाठी केलेले कार्ड जीव वाचवण्याच्या क्षणी कामाला येत नाही, ते यामुळे.

अंगावरच्या खुणेची कल्पना आली कुठून?

आधुनिक अर्थाने ती अमेरिकेतून आली. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक या गावी १९५३ मध्ये डॉ. मेरियन कॉलिन्स यांची मुलगी लिंडा हिचे बोट कापले. धनुर्वाताच्या लसद्रव्याची नेहमीची चाचणी घेतली गेली आणि तेवढ्यानेच ती मरणाच्या दारात गेली. ती वाचली, पण पुढच्या वेळी आपण जवळ नसलो आणि कुणी तेच इंजेक्शन दिले तर, हा प्रश्न घरच्यांना सोडेना. त्यातून आधी कागदाची चिठ्ठी, मग ॲलर्जी कोरलेले धातूचे ब्रेसलेट आणि १९५६ मध्ये 'मेडिकअलर्ट' ही संस्था उभी राहिली. ब्रेसलेटवर आजार, सभासद क्रमांक आणि चोवीस तास चालणारा फोन. डॉक्टरांनी फोन करायचा आणि उरलेली माहिती विचारायची.

आपल्याकडे ही कल्पना परकी वाटू नये. यात्रेला नेताना लहान मुलाच्या खिशात नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवणारी आई हेच करत असते. ताईत, गंडा, पायातला काळा दोरा या सगळ्या अंगावर घालायच्या 'संरक्षक' वस्तूच आहेत. ताईत माणसाला बरे करत नाही. तरी तो बांधलेल्या मुलाकडे बघून घरातली, शेजारची माणसे थोडी जास्त जपून वागतात, हे कुणीही मान्य करेल.

दुसऱ्या प्रकारची खूण बरीच नंतर आली. ती आजाराचे नाव सांगत नाही, फक्त 'मला थोडी मदत किंवा थोडा वेळ लागू शकतो' एवढेच सांगते. टोकियो महानगर प्रशासनाने २०१२ मध्ये लाल रंगावर पांढरी अधिकची खूण आणि त्याखाली हृदय असलेला 'हेल्प मार्क' आणला. कृत्रिम सांधा बसवलेले, आतल्या अवयवांचे आजार असलेले, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या महिला, कुणीही तो पिशवीला अडकवू शकते. २०१७ मध्ये जपानने त्याला राष्ट्रीय मानक चिन्हांत घेतले. त्याच वर्षी लंडनच्या वाहतूक यंत्रणेने 'कृपया मला जागा द्या' असा निळा बिल्ला सुरू केला. त्याआधी, २०१६ मध्ये, लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाने सूर्यफुले छापलेली हिरवी दोरी काढली होती. आज अनेक देशांत ती चालते. भारतात दिल्ली आणि बंगळुरूच्या विमानतळांनी ती स्वीकारली आहे.

दोन्ही प्रकारांतला फरक महत्त्वाचा आहे. पहिला जीव वाचवण्यासाठी, म्हणून त्यात आजाराचे नाव हवेच. दुसरा वागणूक सुधारण्यासाठी, त्यात नाव नको. भारतात या दोहोंची सरमिसळ होते आणि तिथूनच गडबड सुरू होते.

महाराष्ट्रात असे काही झाले आहे का?

झाले आहे, आणि नाशिक जिल्ह्यात त्याची जगभर चर्चा होण्याइतके झाले आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या नीलवसंत मेडिकल फाउंडेशन आणि सिंगापूरच्या 'ग्रे' या जाहिरात संस्थेने 'जीवन बिंदी' आणली. टिकलीच्या मागे आयोडीनचा थर. बाईने रोज लावायची आणि कातडीतून थोडे थोडे आयोडीन शरीरात जायचे. निफाड, पेठ, कोपरगाव, बदलापूर भागातल्या महिलांना ती वाटण्यात आली. आयोडीनची कमतरता हा न दिसणाऱ्या आजारांतला मोठा प्रकार. गळ्याला गाठ येईपर्यंत तो कळत नाही, आणि गरोदरपणात असेल तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतो.

कल्पना सुरेख होती, यात वाद नाही. गोळी घ्यायला बाई विसरते, टिकली विसरत नाही. वस्तू नवी नाही, सवय नवी नाही, कुणी विचारण्याचा प्रश्न नाही. पण कातडीतून रोज नेमके किती आयोडीन जाते, घाम आल्यावर काय होते, हे प्रश्न जाहिरातीतल्या व्हिडिओपेक्षा अवघड होते. त्यात देशाकडे या आजारावरचा स्वस्त उपाय आधीच होता : आयोडीनयुक्त मीठ. गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ चा, आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरची बंदी २००६ ची. आणखी एक गोष्ट त्या कौतुकात कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. टिकली सगळ्या बायका लावत नाहीत. विधवा बाईला रूढीने कुंकू, टिकली वर्ज्य. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. म्हणजे औषध ज्या वस्तूत घातले, ती वस्तूच काही बायकांना आधीपासून नाकारलेली होती. अंगावरची वस्तू निवडताना तिच्यासोबत जात, धर्म, वैवाहिक स्थिती असे काय काय येते, ते या उदाहरणात दिसते.

राजस्थानात उदयपूर भागात 'खुशी बेबी' या गटाने वेगळी वाट धरली. बाळाच्या गळ्यात नजर लागू नये म्हणून बांधायच्या काळ्या दोऱ्यातच छोटे लटकन ओवले आणि लटकनात लसीकरणाची नोंद साठवणारी चिप बसवली. आरोग्यसेविकेने फोन जवळ नेला की कोणती लस झाली, कोणती राहिली, ते दिसायचे. २०१५ मध्ये युनिसेफच्या अंगावर घालायच्या उपयुक्त वस्तूंच्या स्पर्धेत हा प्रयोग विजेत्यांपैकी एक होता. पुढे गटाचे काम लटकनापलीकडे, आरोग्यसेविकांच्या मोबाइलवरील नोंदींकडे वाढले. दोऱ्याइतकाच महत्त्वाचा ठरला तो दोरा वाचणाऱ्या सेविकेच्या हातातला फोन.

मग अशी खूण सगळ्यांनाच सक्तीची का करू नये?

याचे उत्तर महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पाहिले आहे. करोनाची साथ सुरू होताच परदेशातून आलेल्या आणि घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्या लोकांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय राज्य सरकारने १६ मार्चला जाहीर केला. शाई निवडणुकीत वापरतात तशी, लवकर न जाणारी. शिक्क्यावर विलगीकरणाची शेवटची तारीख आणि मुंबईकरांचे रक्षण करत असल्याचा अभिमान व्यक्त करणारे वाक्य.

दोनच दिवसांनी जर्मनीहून आलेले चार प्रवासी गरीबरथ एक्स्प्रेसने सुरतकडे निघाले होते. हातावरचे शिक्के सहप्रवाशांना दिसले, डब्यात गोंधळ उडाला आणि त्यांना पालघरला उतरवण्यात आले. विलगीकरणात असताना त्यांनी प्रवास करायला नको होता, हे खरेच. साथीच्या काळात असा उपाय लागतो, असेही म्हणता येईल. पण ती खूण कुणासाठी होती, हे बघायला हवे. ती घालणाऱ्याला जपण्यासाठी नव्हती. त्याच्यापासून इतरांना जपण्यासाठी होती. वाक्यात अभिमान लिहिला म्हणून हातावर अभिमान उमटत नाही. बघणाऱ्याने तिचा एकच अर्थ घेतला : याच्यापासून लांब राहा.

एचआयव्हीच्या बाबतीत हाच धोका ओळखून संसदेने २०१७ मध्ये कायदा केला आणि संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यावर बंधन घातले. खाटेवर, केसपेपरवर, मनगटावर ठळक अक्षरांत आजार लिहिणे ही साधी कारकुनी सोय कधीच नसते. त्यातून माणसाची जागा ठरते.

लोक आजार लपवतात, ते का?

बहुतेकदा लग्नासाठी. हे उत्तर सगळ्यांना माहीत असते आणि आरोग्याच्या माहितीपत्रकांत कुठेच नसते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये अपस्माराचे झटके येणे ही विवाहाच्या आड येणारी बाब म्हणून नोंदलेली होती. ती १९९९ च्या दुरुस्तीने काढली गेली. कायद्यातला शब्द गेला, सोयरिकीच्या बैठकीतला गेला नाही. मुलीला फिट येते हे कळले की स्थळ परत जाते, म्हणून गोळ्या कपाटात, डॉक्टर दुसऱ्या गावचा. अशा मुलीच्या हातात 'अपस्मार' कोरलेले कडे घाला, असे सांगणे सोपे आहे. घालणार कोण?

भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या नाकाशी कधी ना कधी चप्पल किंवा कांदा धरला गेला असेल. त्याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, म्हणून कांद्याला श्रेय मिळते.

सिकलसेलची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मध्य भारतात हा आजार असल्याची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच केली होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे लक्ष्य. तपासलेल्यांना त्यांची जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते. दोन वाहकांचे लग्न झाले तर मूल आजारी जन्माला येण्याची शक्यता चारात एक, हे जोडप्याला आधी कळावे, हा कार्डामागचा विचार. म्हणजे हे कार्ड लग्नाच्या बैठकीत दाखवण्यासाठीच आहे. वाहक माणूस स्वतः बहुधा ठणठणीत असतो. पण कार्ड बघणाऱ्या सासरच्या मंडळींना वाहक आणि रुग्ण यांतला फरक समजावणारे कुणी शेजारी बसलेले नसते. कळमनुरी भागात आंध आदिवासींची मोठी वस्ती आहे, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय तालुक्याच्या गावीच आहे. कार्ड वाटणे आणि कार्डाचा अर्थ सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे अशा तालुक्यांत लवकर कळते.

रुग्णाची तऱ्हा आणखी वेगळी. सिकलसेलचा रुग्ण उन्हात, पाणी न पिता, उभ्याने लांबचा प्रवास करून आला तर हाडांत असह्य कळा सुरू होऊ शकतात. अंगावर जखम नाही, ताप नाही. शेजारचा म्हणतो, नाटक करतोय. बसमधली राखीव जागा मागायला गेला तर 'धडधाकट तर दिसतोस' हे ऐकावे लागते. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात बसण्याची मुभा असलेल्या कर्करोगाच्या रुग्णांनाही हे वाक्य नवे नाही. इथे जीव वाचवणारे कडे कामाचे नाही, इथे दुसऱ्या प्रकारचा, काहीच न सांगता जागा मागणारा बिल्ला हवा.

फाट्यावर ही खूण वाचणार कोण?

गॅटविकची दोरी चालली कारण तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी शिकवले गेले. दोरी दिसली की घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही, 'काय मदत करू' एवढे विचारायचे. शिकवलेले कर्मचारी काढून टाकले तर उरते ती फक्त रंगीत फीत.

वारंगा फाट्यावर असे कर्मचारी नाहीत, पण माणसे ठरलेली आहेत. एसटीचे वाहक आणि चालक, हॉटेलातली पोरे, औषधाचे दुकान, रिक्षा-जीपवाले, महामार्गावरचे पोलीस. अनोळखी आजारी माणूस पहिल्यांदा यांच्याच समोर येतो. यांना शिकवायला डॉक्टरकी लागत नाही. शुगर कमी झालेला माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट १०८. फिट आली तर आजूबाजूचे दगड, बाकडी बाजूला, माणूस कुशीवर, घड्याळाकडे लक्ष. हातपाय दाबायचे नाहीत, दातांत चमचा घालायचा नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८. हिमोफिलियाच्या रुग्णाला अपघात झाला तर बाहेर रक्त दिसत नसले तरी आत वाहत असू शकते, त्याला ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके आणि दंडात-कमरेत इंजेक्शन टाळायचे, आणि फॅक्टर मिळेल अशा मोठ्या रुग्णालयाकडे लवकर निघायचे.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे. फाट्याजवळचे ग्रामीण रुग्णालय आखाडा बाळापूरला आहे, हिंगोलीत २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि नांदेडचे विष्णुपुरी इथले जुने महाविद्यालय याच रस्त्याने पुढे. रुग्णालये आहेत. कळीची असतात ती रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे. त्या मिनिटांत लोक पुढे येत नाहीत, त्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागण्याची जुनी भीती आहे. रस्ते अपघातांपुरती ती तरी आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची सक्तीही नाही.

पट्टी कशी असावी?

नांदेड परिसरात स्टीलचे कडे हातात असणे ही रोजची गोष्ट आहे. हुजूर साहिबमुळे ते शीख बांधवांच्या हातात असते, आणि इतरही अनेक तरुण हौसेने घालतात. म्हणून इथे स्टीलच्या कड्यावर आजार कोरला तर दोन्ही गोष्टी होतात : घालणाऱ्याला अवघडल्यासारखे होत नाही, आणि नेमके म्हणूनच ते कडे फिरवून वाचावे असे कुणाला सुचत नाही. चटकन डोळ्यांत भरणारी खूण चारचौघांत नकोशी वाटते आणि चारचौघांसारखी खूण वेळेला दिसत नाही. यावर पूर्ण उत्तर कुणाकडे नाही. व्यवहारात चालतो तो मधला मार्ग : बाहेरून साधी पट्टी, वर फक्त वैद्यकीय चिन्ह, आणि मजकूर आतल्या बाजूला. मनगटावर नाडी बघायला हात लागतोच, पट्टी तेव्हा उलटली जाते.

चिन्ह निवडताना एक चूक टाळायची. पांढऱ्यावर लाल क्रॉस वापरायचा नाही. ते रेड क्रॉसचे संरक्षित चिन्ह आहे आणि जिनिव्हा करार कायदा, १९६० नुसार त्याचा परवानगीशिवाय वापर करता येत नाही. डॉक्टरांच्या गाड्यांवर ते सर्रास दिसते, तो भाग वेगळा.

मजकूर थोडका हवा. 'मधुमेह, इन्सुलिनवर. साखर द्या.' एवढ्यात आजारही आला आणि करायची कृतीही. नुसते 'टाइप-१' लिहिले तर टपरीवाल्याला कळत नाही. खाली घरच्या माणसाचा फोन, आणि ॲलर्जी असल्यास औषधाचे नाव. मराठी आणि इंग्रजी दोन्ही असावे, कारण हा महामार्ग देगलूरवरून तेलंगणात जातो आणि पट्टी वाचणारा डॉक्टर मराठी असेलच असे नाही. आधार क्रमांक, पूर्ण पत्ता, जात, यांतले काहीही नको.

बाजारात सध्या क्यूआर कोडच्या पट्ट्यांची चलती आहे. स्कॅन केले की सगळा इतिहास उघडतो. पण त्यासाठी दुसऱ्याचा फोन, नेटवर्क आणि उजेड लागतो. रात्री अकराला फाट्यावर तिन्ही असतील याची खात्री कोण देणार? शिवाय कोड कुणीही स्कॅन करू शकतो. कोरलेल्या चार शब्दांना जोड म्हणून तो ठीक, त्यांच्या जागी नको.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा प्रश्न इथेच येतो. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप-१ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षा केंद्रात साखरेच्या गोळ्या, फळे, पाण्याची बाटली नेण्याची परवानगी दिली. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि शाळेची शिफारस लागते. केंद्रावरचा पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचा असतो, त्याला मूल माहीत नसते. मुलाच्या मनगटावर पट्टी असेल तर 'खिशात काय आहे' हा संवाद निम्म्या वेळात संपतो.

आज, खर्च न करता काय करता येईल?

पट्टी बनवून घ्यायची तर नाव कोरणाऱ्या कुठल्याही दुकानात स्टीलच्या पत्र्यावर मजकूर कोरून मिळतो. तोपर्यंत हातातला फोन वापरता येतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'सुरक्षा व आणीबाणी' या भागात वैद्यकीय माहिती आणि आणीबाणीचे संपर्क भरता येतात. आयफोनमध्ये हेल्थ ॲपमध्ये 'मेडिकल आयडी' आहे. लॉक असतानाही दाखवण्याची परवानगी तिथेच द्यावी लागते, ती न दिल्यास भरलेली माहिती बाहेरच्याला दिसत नाही. एकदा माहिती भरली की फोन लॉक करून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा आणि पासवर्ड न सांगता ती शोधायला सांगावे. पडद्यावरच्या 'इमर्जन्सी' शब्दाला हात लावायचा असतो, हे बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात सापडत नाही.